पाच टनी जॅक घेतला, पण तो आत शिरेना

सांगलीत जॅक घ्यायला गेलात की काउंटरवरचा माणूस एकच विचारतो, "किती टनी?" पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. माझे तीन आठवडे आणि अठराशे रुपये त्या न विचारलेल्या प्रश्नात गेले, म्हणून हे लिहितोय.

माझं काम बोअरच्या सबमर्सिबल मोटारी काढायचं आणि दुरुस्त करून परत सोडायचं. व्हॅनमध्ये कायम दोन मोटारी, केबलची बंडलं, चेनपुली, लोखंडी पाइप आणि पान्यांच्या पेट्या. गेल्या उन्हाळ्यात तासगावच्या पुढं एका द्राक्षबागेकडे जाताना मागचं उजवं चाक बसलं. गाडीबरोबर मिळालेला कैची जॅक लावला, तर त्याचा पाय काळ्या मातीत एका अंगाला रुतला आणि जॅक तिरका होऊन निसटला. चाक अजून काढलेलं नव्हतं, म्हणून निभावलं. शेजारी बसलेलं माझ्या हाताखालचं पोरगं जे उठून पळालं, ते दुपारपर्यंत गाडीजवळ फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात गेलो. "माल भरलेली गाडी आहे," म्हणालो. "मग पाच टनीच घ्या की, बिनघोर." घेतला. जड, लाल, बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक. पाच टन म्हणजे आता काळजीच नको, असं मलाही वाटलं.

पुढचं पंक्चर मिरज रस्त्यावर, पुन्हा मागचंच चाक. हाउसिंगखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलच्या नळीखाली, जॅक सरकवायला गेलो तर तो आत जाईना. हवा गेलेली, वर सगळा माल, त्यामुळे हाउसिंग पार खाली आलेलं. जॅक पूर्ण बसवला, डोक्याचा स्क्रू आत फिरवला, तरी बोटभर उंचच. मग तो चेसीखाली लावला. हँडल मारतोय, चेसी वर येतेय, आणि चाक जागेवरच! मागे पाटे आहेत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. चेसी उचलली की पाटे आधी सैल होऊन खाली लोंबतात, चाक सगळ्यात शेवटी सुटतं. जॅक संपला तरी टायर जमिनीलाच टेकलेला. शेवटी पंक्चरवाल्याला ट्रॉली जॅक घेऊन बोलावला.

त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. मालक जेवायला गेलेले. दोन दिवसांनी गेलो, मालक मिरजेला. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "तेल लागलेला माल परत होत न्हाई." अहो, तेल जॅकचंच आहे! "तसं नसतंय साहेब. गाडी खाली बसली असंल, तर आधी चाकात हवा भरून घ्यायची, मग जॅक लावायचा." पंक्चर झालेल्या चाकात हवा भरायची! मागे उभा असलेला गिऱ्हाईक हसला, मालक नाही हसले. मी म्हणालो, "बदलून तरी द्या, बंद उंची कमी असलेला दाखवा." त्यांनी मला विचारलं, "बंद उंची म्हंजे?" पंधरा-वीस जॅक ठेवलेल्या फळीसमोर उभा राहून हा प्रश्न. पूर्ण बसवलेल्या जॅकची उंची, दुसरं काय! मी टेप मागितली, ती सापडली नाही. बिलाच्या मागे बारीक अक्षरात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं होतं, तेवढं मात्र त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

जे आधी करायला हवं होतं, ते त्या रविवारी केलं. सगळा माल भरलेला ठेवून, सपाट फरशीवर, मागच्या चाकाची हवा मुद्दाम सोडली आणि हाउसिंगच्या नळीखाली टेप लावली. सव्वासात इंच. माझा पाच टनी बंद असताना साडेआठ. बाटली जॅकमध्ये टन वाढले की साधारण अंगही उंच होतं, हे तेव्हा लक्षात आलं. मग टन तरी किती हवेत? गाडी वजनकाट्यावर नेली आणि फक्त मागची चाकं काट्यावर उभी केली. 1,640 किलो. एक चाक उचलायचं तर साधारण त्याच्या निम्मं. म्हणजे दोन टनीसुद्धा चाललं असतं. थोडा जास्त जोर हाताशी असावा म्हणून तीन टनी.

या वेळी खिशात टेप घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. दोन टप्प्यांत वर येणारा तीन टनी मिळाला, बंद उंची पावणेसात. उघडा किती होतो तेही मोजा. पंक्चर चाक निघेल एवढं उचलून भागत नाही. हवा भरलेली स्टेपनी त्याहून मोठी असते, ती आत जायला आणखी जागा लागते.

आता राहिलं रुतण्याचं. लाकडी फळी घालायला उंची शिल्लक नव्हती. कुपवाडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून आठ एमएमची फूटभर चौरस प्लेट घेतली, साडेपाच किलोची, आणि जॅकचा पाय घसरू नये म्हणून भोवती पट्टी वेल्ड करून घेतली. तरीही जॅक शिरत नसेल, तर बसलेलं चाकच हळू फळीवर चढवा, इंच-दीड इंच मिळतो. जॅक लावताना हाउसिंगवरून गेलेला ब्रेकचा पाइप चेपत नाही ना, ते वाकून बघा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: मागचं एक चाक उचललं की गिअरवर भरवसा ठेवू नका. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर अधांतरी चाक मोकळं फिरतं आणि गिअरमध्ये असूनही गाडी सरकते. हँडब्रेक ओढा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, मोटारीचा बोल्ट घरंगळून आत गेला तरी नाही. जॅक गाडीत आडवा टाकू नका, उभा बांधून ठेवा. माझा एकदा तेल गाळून बसला होता.

परवा सोनी गावच्या रस्त्याला चाक बसलं तेव्हा पोरग्यानं न सांगता आधी प्लेट काढली.

लाल पाच टनी अजून वर्कशॉपमध्येच आहे. दोन चॅनेल वेल्ड करून त्याचा बेअरिंग काढायचा प्रेस करतोय. तिथं साडेआठ इंच चालतात.