आवाज गाळलेली सुलोचना

फोनवर आधी आवाज येतो आणि चेहरा आपण मागाहून मनाने चिकटवतो. कर्ज हवे आहे का, असे भर दुपारी विचारणाऱ्या अनोळखी मुलीलाही आपण नकळत एक चेहरा देऊन टाकतो. मूकपटाच्या प्रेक्षकाचे नेमके उलटे होते. चेहरा पडदाभर, आणि आवाज ज्याने त्याने आपल्या पसंतीचा लावून घ्यायचा. हे दोन्ही प्रकार रूबी मायर्स या एकाच बाईच्या वाट्याला आले.

१९०७ साली पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेली ही मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमासाठी विचारले, तेव्हा तिने आधी नकारच दिला, कारण सिनेमात काम करणे हे त्या काळी बाईमाणसाला शोभणारे मानत नसत. भवनानी चिकाटीचे निघाले आणि रूबीची ‘सुलोचना’ झाली. ज्या कलेत सगळे बोलणे डोळ्यांनीच करायचे, तिथे याहून चपखल नाव सुचणे कठीण होते. (आमच्या घरात मात्र सुलोचना म्हटले की मराठी चित्रपटातल्या सोशिक आईच आठवतात, त्यामुळे या पहिल्या सुलोचनेची ओळख मला फार उशिरा झाली.) गंमत म्हणजे १९२६ साली तिने ‘टेलिफोन गर्ल’ नावाच्या मूकपटातही काम केले, जिचा सारा व्यवसाय आवाजाचा, तिची गोष्ट आवाज गाळून सांगायची!

१९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या आणि त्यांत माळी होता, पोलीस होता, सोनेरी केसांची युरोपियन बाईही होती. आठ माणसे उभी करायची आणि एकालाही आवाज नाही, म्हणजे सगळा भार चालीवर, खांद्यांवर आणि नजरेवर. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता, असे सांगतात.

मग १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट लागला. तो काढला होता इंपीरियलने, म्हणजे सुलोचना जिची बिनीची नायिका होती त्याच कंपनीने, पण त्यात नायिका झाली जुबेदा. सुलोचनेला हिंदुस्तानी सफाईने येत नव्हती. तिने रुसून न बसता भाषा शिकून घेतली आणि आपलेच जुने मूकपट बोलते करून पुन्हा आणले. १९२९ ची ‘इंदिरा बी.ए.’ १९३४ मध्ये ‘इंदिरा एम.ए.’ होऊन परतली. मधल्या पाच वर्षांत नायिका पुढे शिकली होती आणि नटीही.

‘अनारकली’ने तर तिची साथ तीनदा केली. १९२८ मध्ये ती मुकी अनारकली होती, १९३५ मध्ये बोलती. १९५३ च्या ‘अनारकली’त ती भूमिका बीना रायकडे गेली होती आणि सुलोचना झाली होती जोधाबाई, सलीमची आई. लताबाईंच्या गाण्यांसाठी मी हा चित्रपट अनेकदा लावला आहे. परवा मात्र गाणी पुढे ढकलत फक्त जोधाबाईचे प्रसंग पाहिले, आणि तेही बराच वेळ डोळे मिटून.