आमची वाटचाल: गेट-ग्रिलपासून बाहेरच्या जिन्यापर्यंत

वडिलांनी लातुरात वेल्डिंगचं दुकान टाकलं ते 1993 च्या भूकंपानंतर. किल्लारीकडच्या लोकांना तेव्हा दगडमातीच्या भिंतींची धास्तीच बसली होती. पत्र्याची शेडं, लोखंडी दारं-खिडक्या यांना गिऱ्हाईक होतं. पुढं गेट, ग्रिल, शटर. दुकान चालायचं, एवढंच.

धंद्यानं वळण घेतलं 2019 ला. त्या मे महिन्यात सुरतेत क्लासच्या इमारतीला आग लागून 22 विद्यार्थी गेले. लातूर म्हणजे क्लास आणि हॉस्टेलांचं गाव. पालक विचारू लागले, उतरायला दुसरी वाट कुठंय? मग मागच्या बाजूला लोखंडी जिने उभे राहिले. बरेच आम्हीच केले. आता दुरुस्तीची कामं जास्त येतात, आणि आमची खटपट तिथंच सुरू होते, कारण मालकाला हवा असतो नुसता रंग.

एका हॉस्टेलमालकानं तसंच म्हटलं, "रंग मारून टाका की दादा, कशाला इस्कटता?" जिना लांबून झकास दिसत होता. मधल्या टप्प्यावर कूलर ठेवलेला, बोअरचं पाणी रोज खाली ठिबकत होतं. चॅनलवर, म्हणजे पायऱ्या पेलणाऱ्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर, क्षारांचे पांढरे ओघळ, रंगाला फुगे. मी पेचकस त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "मालक, तुम्हीच दाबा." कठड्याच्या पाईपात तो आरपार गेला. मग रंगाचं कुणी बोललं नाही.

आम्ही तपासणी तळापासून करतो. खांबाची बेस प्लेट फरशीला टेकते तिथं पाणी साचतं, लोखंड आधी तिथं सडतं. हातोडी मारली की चांगलं लोखंड खणखणतं. सडलेल्या जागी आवाज बद्द येतो. पायऱ्यांच्या चेकर्ड प्लेटला (पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेला पत्रा) खालून टॉर्च मारून बघावं, वरून काहीच कळत नाही. पायरी चॅनलला जोडलेली असते त्या वेल्डिंगवर केसाएवढी तांबडी रेघ दिसली तर ती चीर समजायची. चिरेवरून नुसता टाका ओढणारे पुष्कळ आहेत. चीर ग्राइंडरनं पूर्ण काढून मगच भरावी लागते. भिंतीतल्या बोल्टांभोवती प्लास्टर फुटलं असेल तर तो प्लास्टरचा दोष नसतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि बाहेर रेटतो. चढताना जिना झुलत असेल, तर त्याच दिवशी आधार द्यायचा आणि इंजिनिअरला बोलवायचं. चॅनल बदलायचं काम आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय धरत नाही.

आणि दार! जिना ठणठणीत, पण त्याच्या दाराला कुलूप, चावी वॉचमनकडं, वॉचमन चहाला. हे आम्ही बिलात लिहीत नाही, तोंडावर सांगतो.

कागदाचंही लोक विचारतात. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानं जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तो परवानाधारक एजन्सी देते. आम्ही लोखंडाची माणसं, सह्या-शिक्क्याची नाही.

मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली की हॉस्टेलं रिकामी होतात आणि पावसाला अवकाश असतो. मोठी दुरुस्ती आम्ही तेव्हाच घेतो. सुटं रंगकाम घेणं बंद केलंय. त्यापायी कामं जातात, जाऊ देतो; करून देणारे शेजारच्या गल्लीतच आहेत.