मॅमोग्राम नॉर्मल, मग सोनोग्राफी कशाला?

मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे. आज दिवसभर सोनोग्राफीच्या टेबलावर हाच प्रश्न. रिपोर्टमध्ये स्तनांची घनता 'सी' किंवा 'डी' (म्हणजे दाट, ग्रंथी जास्त) असेल, तर मॅमोग्रामवर ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. सोनोग्राफीत तीच गाठ बहुधा काळसर उठून दिसते. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून घनता कळवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे रिपोर्टमधली ती ओळ स्वतः शोधा.

स्तनात इम्प्लांट (आकारासाठी बसवलेली पिशवी) असेल तर मॅमोग्रामला ते मागे सारून जादा फोटो घेतात, चाराऐवजी आठ. तरी थोडा भाग झाकलेला राहतोच.

सोनोग्राफीला हात डोक्यावर, पाठीखाली उशी, किंचित कुशीवर. म्हणजे स्तन पसरून पातळ होतो. निपलमागे सावली पडते, तिथे प्रोब (हातातलं तपासणीचं यंत्र) तिरका धरायचा. इम्प्लांटच्या कवचाची साधी घडी फुटल्यासारखी वाटते, फसायला होतं. घडी कडेला जाऊन मिळते. आत शिडीसारख्या समांतर रेषा दिसल्या तर मात्र सिलिकॉन फुटल्याची शंका. काख विसरायची नाही: गळलेलं सिलिकॉन तिथल्या लसीका ग्रंथीत साचलं की पडद्यावर हिमवादळासारखा पांढरा धुरळा.

कॅल्शियमचे बारीक कण सोनोग्राफीत सहसा निसटतात, त्यामुळे मॅमोग्राम चालूच. आणि हो, सोनोग्राफीमुळे निरुपद्रवी गाठीसाठीही सुई टोचून तपासणी (बायोप्सी) करून घ्यायची वेळ जास्त येते, हे आधीच सांगितलेलं बरं.