पहिल्या कंपनीचं पत्र आणि ऑस्ट्रेलियाचे पॉइंट्स: माझा अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाची चर्चा निघाली की सगळे वय, इंग्रजी आणि डिग्रीचे पॉइंट्स मोजायला बसतात. माझं या तिन्हींत काहीच अडलं नाही. अडलं ते पुण्यातल्या माझ्या पहिल्या कंपनीकडून हव्या असलेल्या, मी तिथे नेमकं काय काम केलं हे सांगणाऱ्या एका पानाच्या पत्रावर. त्या कंपनीचा एचआर विभाग "आमच्या पॉलिसीत बसत नाही" यापलीकडे एक वाक्य बोलायला तयार नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो. बाकीचं जाता जाता.

आधी थोडक्यात नियम. १८९ (स्वतंत्र, कायम वास्तव्याचा), १९० (राज्याच्या नॉमिनेशनवरचा, कायम वास्तव्याचा) आणि ४९१ (प्रादेशिक भागासाठीचा तात्पुरता) या तिन्ही व्हिसांना पॉइंट्सची एकच चाचणी आहे. पात्रतेची रेषा १ जुलै २०१८ ला ६० वरून ६५ झाली. त्याआधी, १ जुलै २०१७ ला, १८९ साठी वयाची मर्यादा ५० वरून ४५ वर आली होती. १६ नोव्हेंबर २०१९ ला मोठे बदल झाले. अविवाहितांना १० पॉइंट्स, जोडीदाराचं स्किल असेसमेंट (कौशल्याची अधिकृत तपासणी) असेल तर १०, जोडीदाराचं नुसतं कॉम्पिटंट इंग्रजी (ठरलेल्या किमान पातळीचं) असेल तर ५, आणि ४९१ ला राज्याचं नॉमिनेशन मिळालं तर १५. ६५ पॉइंट्सना फक्त रांगेत उभं राहता येतं. आयटीवाल्यांना १८९ साठी अर्ज करण्याचं निमंत्रण त्याच्या बरंच वर मिळतं, म्हणून एकेका पाच पॉइंट्ससाठी जीव टाकावा लागतो.

आता नोकरीच्या अनुभवाचे पॉइंट्स. परदेशातला अनुभव ३ वर्षांचा असेल तर ५, ५ वर्षांचा असेल तर १० आणि ८ वर्षांचा असेल तर १५. तोही गेल्या १० वर्षांतला आणि आठवड्याला किमान २० तासांचा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. ही वर्षं कुठून मोजायची हे मात्र तुम्ही ठरवत नाही. आयटीसाठी ते असेसमेंट करणारी संस्था, ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएस, ठरवते. तुमची डिग्री आयटीची असेल आणि त्यातले किमान ६५ टक्के आयटी विषय तुम्ही निवडलेल्या ऑक्युपेशनशी (व्हिसाच्या यादीतल्या व्यवसायाशी) जवळून जुळत असतील, तर गेल्या १० वर्षांतली सुरुवातीची २ वर्षं कापली जातात. जुळत नसतील तर ४ जातात. कापलेला काळ "स्किल्ड होण्यासाठी" लागला असं धरतात आणि निकालाच्या पत्रात अमुक महिन्यानंतरचा अनुभव ग्राह्य असं लिहून येतं. पॉइंट्स त्या महिन्यानंतरचेच.

इथे बहुतेक जण एक घातक हिशेब करतात: "पहिल्या कंपनीची वर्षं तशीही कापलीच जाणार, मग तिच्या पत्रामागे कशाला धावायचं?" याच कारणाने मला दोघातिघांनी ते पत्र सोडून द्यायला सांगितलं होतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे. कसा, ते आकड्यांत बघा.

समजा तुम्ही जुलै २०१६ मध्ये पहिल्या कंपनीत लागलात, सप्टेंबर २०१९ मध्ये ती सोडलीत आणि ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत आहात. डिग्री जुळणारी आहे. दोन्ही कंपन्यांची पत्रं मान्य झाली तर कापणी पहिल्या कंपनीत पुरी होते आणि जुलै २०१८ नंतरचा सगळा अनुभव मोजला जातो. म्हणजे २०२१ च्या मध्यानंतर ५ पॉइंट्स, २०२३ च्या मध्यानंतर १० आणि २०२६ च्या मध्यानंतर १५. पहिल्या कंपनीचं पत्र नाही मिळालं तर ती नोकरी असेसमेंटमध्ये धरलीच जात नाही. मग दोन वर्षांची कापणी दुसऱ्या कंपनीत सुरू होते आणि मोजणी ऑक्टोबर २०२१ नंतर. ५ पॉइंट्सच मिळायला २०२४ ची अखेर उजाडते. एका पत्रामुळे तीन वर्षांहून जास्त काळ मागे जाता. तेवढ्यात वय ३३ झालं तर तिथलेही ३० चे २५ होतात. म्हणून पहिल्या कंपनीचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं.

पत्रात काय हवं: कंपनीचं लेटरहेड, पत्राची तारीख, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख दिवस-महिना-वर्षासकट, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, पदनाम, काम कुठल्या देशात केलं, प्रत्यक्ष कामाचं वर्णन, आणि सही करणाऱ्याचं नाव, पद व संपर्क. आपल्याकडच्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्रात फक्त पदनाम आणि तारखा देतात, वर "हार्दिक शुभेच्छा". हे कागद कामाचे नाहीत, कारण त्यात कामाचं वर्णन नसतं. प्रमोशन झालं असेल तर प्रत्येक पदाच्या तारखा आणि कामं वेगळी हवीत. मधे अमेरिकेत किंवा युरोपात ऑनसाइट गेला असाल तर तो काळ देशासकट वेगळा दाखवायचा. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल किंवा नाव बदललं असेल तर नावबदलाचा कागद सोबत जोडा. नाहीतर सॅलरी स्लिपवर एक नाव आणि पत्रावर दुसरं, असा प्रश्न उभा राहतो.

एचआरला "रोल्स अँड रिस्पॉन्सिबिलिटीजचं लेटर द्या" एवढंच लिहिलं तर नकार ठरलेला. मसुदा तुम्हीच तयार करून पाठवा. जुन्या टीम मॅनेजरकडून "वर्णन बरोबर आहे" असा मेल आणा आणि तो एचआरला जोडा. काही ठिकाणी एवढ्यावर काम होतं, कारण एचआरची भीती असते ती खोटं वर्णन सहीनिशी बाहेर जाण्याची. आमच्या एचआरने मॅनेजरच्या मेलकडेही बघितलं नाही. मेल पाठवला की तिकीट उघडायचं, आपोआप बंद व्हायचं, आणि पुन्हा तोच ठोकळेबाज मजकूर. माणसाने त्या कंपनीत वर्षानुवर्षं रात्री जागून रिलीज काढले, त्याने काय काम केलं हे चार ओळींत लिहून द्यायला कसली पॉलिसी आड येते, हे मला आजही पटत नाही. एक गोष्ट मात्र करा: तो नकार लेखी घ्या आणि जपून ठेवा. पुढे उपयोगी पडतो.

नकार आल्यावरचा रस्ता म्हणजे त्रयस्थ व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र. स्वतःचं स्वतः लिहिलेलं चालत नाही. त्याच कंपनीत, त्याच काळात, तुमच्या वरच्या किंवा बरोबरीच्या पदावर असलेल्या माणसाने ते करायचं. त्यात त्याचं पद, तो कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता, तुमचं आणि त्याचं कामाचं नातं काय, आणि वर सांगितलेला सगळा तपशील हवा. तो तुमच्यानंतर सहा महिन्यांनी लागला असेल तर त्या आधीच्या सहा महिन्यांची शपथ तो घेऊ शकत नाही. अशा वेळी दुसरा माणूस शोधा आणि दोन प्रतिज्ञापत्रांनी पूर्ण काळ झाका. त्याच्या स्वतःच्या नोकरीचा पुरावा, म्हणजे रिलीव्हिंग लेटर किंवा ओळखपत्र, सोबत जोडलेलं बरं.

प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या स्टॅम्प पेपरऐवजी ५०० रुपयांचा लागतो. नोटरीने "माझ्यासमोर शपथेवर सही केली" अशा अर्थाची ओळ लिहायला हवी, आणि खाली नाव, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट "खरी प्रत" असा शिक्का मारून मोकळे होतात. तो वेगळा प्रकार आहे, त्याने कागद शपथेवरचा होत नाही. पान हातात घेऊन ती ओळ वाचल्याशिवाय तिथून निघू नका. इंग्रजीतच करून घ्या, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचतो. जुना मॅनेजर आता ऑस्ट्रेलियातच असेल तर काम सोपं: तिथलं स्टॅच्युटरी डिक्लरेशन नोंदणीकृत फार्मासिस्टसमोरही करता येतं, वकील शोधत बसावं लागत नाही.

कामाचं वर्णन ऑक्युपेशनच्या अधिकृत यादीतून जसंच्या तसं उचलू नका. तपासणारा माणूस ती वाक्यं रोज वाचत असतो. कुठली प्रणाली, कुठली भाषा, तुमचा वाटा डिझाइनचा की टेस्टिंगचा की सपोर्टचा, हे साध्या वाक्यांत लिहा. सपोर्टचं काम करून सॉफ्टवेअर इंजिनिअरचं असेसमेंट मागितलं तर वर्णन आणि ऑक्युपेशन जुळत नाही म्हणून ती नोकरी बाद होते.

पगाराचे पुरावे वेगळे. प्रत्येक नोकरीसाठी दोन वेगवेगळ्या प्रकारचे ठेवा: सॅलरी स्लिप, फॉर्म १६, २६एएस, पीएफचं पासबुक, बँक स्टेटमेंट. फ्रेशर असताना पगार करपात्र नसेल तर फॉर्म १६ निघालेलाच नसतो, मग पीएफ आणि बँक स्टेटमेंटवर भिस्त. कंपनीचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असेल तर ईपीएफओच्या साइटवर पासबुक दिसत नाही, ट्रस्टकडून वार्षिक विवरण मागावं लागतं. सॅलरी खातं बंद झालं असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. आणि आत्ता ज्या कंपनीत आहात तिथल्या सगळ्या सॅलरी स्लिप आजच उतरवून घ्या. शेवटच्या दिवशी लॉगिन गेलं की पुन्हा एचआरच्या दारात.

शेवटी माझं पत्र प्रतिज्ञापत्राच्याच वाटेने गेलं आणि पहिली नोकरी पूर्ण मान्य झाली. निकालात योग्य महिना बघितल्यावर जो जीव भांड्यात पडला, तो पुढे निमंत्रण आल्यावरही तेवढा पडला नाही.

त्यानंतर स्किलसिलेक्ट या सरकारी ऑनलाइन प्रणालीत ईओआय, म्हणजे व्हिसासाठी इच्छुक असल्याची नोंद, भरायची असते. इथेच लोक घसरतात. कापलेला काळ आणि मोजलेला काळ एकाच नोंदीत टाकायचा नाही. ज्या कंपनीत कापणीचा महिना येतो, तिच्या दोन नोंदी करा: त्या महिन्यापर्यंतची "संबंधित नाही", त्यानंतरची "संबंधित". एकच नोंद केली तर सिस्टिम सगळी वर्षं मोजते आणि फुकटचे ५ पॉइंट्स वाढवते. निमंत्रण त्या वाढीव आकड्यावर येतं, पुढे अधिकारी कागद तपासताना पॉइंट्स भरत नाहीत आणि व्हिसा नाकारला जातो. अर्जाचं शुल्क पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास आहे आणि ते परत मिळत नाही. चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवा, म्हणजे वर्षं पूर्ण झाली की पॉइंट्स आपोआप वाढतात. ईओआय दोन वर्षं टिकतो, निमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस. एसीएसचा निकालही दोनच वर्षं चालतो, तो मधेच संपणार नाही ना हे बघा.

इंग्रजीचं सांगायचं राहिलं. ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या परीक्षांना नवे गुण लागू आहेत. आयईएलटीएसमध्ये फरक नाही, २० पॉइंट्ससाठी चारही भागांत ८. पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत मात्र पूर्वी चारही भागांत ७९ लागायचे, आता ऐकण्यात ६९, वाचनात ७०, लेखनात ८५ आणि बोलण्यात ८८. जुन्या ७९ च्या हिशेबाने तयारी करणाऱ्यांचा घात लेखन-बोलण्यात होतो. त्या तारखेआधी दिलेली परीक्षा जुन्या गुणांवरच धरली जाते, पण ती निमंत्रणाच्या आधीच्या तीन वर्षांतली हवी.

आणि मराठी माणसासाठी सगळ्यात स्वस्तात मिळणारे ५ पॉइंट्स: नाटी या ऑस्ट्रेलियातल्या भाषांतरकार-दुभाष्यांच्या संस्थेची सीसीएल परीक्षा मराठीत देता येते. त्यात इंग्रजी-मराठी संवादाचं दोन्ही बाजूंनी तोंडी भाषांतर करायचं. ती ऑनलाइन होते. दोन संवाद, प्रत्येकी ४५ गुण. एकूण ९० पैकी ६३ हवेत आणि कुठल्याही संवादात २९ पेक्षा कमी नकोत. संवाद दवाखाना, विमा, घरभाडं, कोर्ट, शाळा अशा विषयांवर असतात. गुण जातात ते गाळलेल्या तपशिलांवर: तारीख, रक्कम, औषधाचं प्रमाण. म्हणून कागद-पेन घेऊन आकडे टिपण्याचा सराव करा. प्रत्येक संवादात एक तुकडा पुन्हा ऐकण्याचे गुण कापत नाहीत, तो लांबलचक तुकड्यासाठी राखून ठेवा. मराठी रोजची म्हणून तयारी न करता जाऊ नका. कर्जाचे हप्ते, जामीन, विम्याचा दावा यांवर दोन्ही भाषांत धडाधड बोलायची सवय आपल्याला नसते.

जोडीदाराचे १० पॉइंट्स घेणार असाल तर त्याचं किंवा तिचं वय ४५ च्या आत, कॉम्पिटंट इंग्रजी आणि स्वतःचं असेसमेंट हवं. म्हणजे दुसऱ्या माणसाच्याही पहिल्या कंपनीचं पत्र. ते तुमच्याबरोबरच मागायला सुरुवात करा.