वादळाच्या आदल्या दिवशीची काढणी

मी ज्या शेतावर पीकरोगांची पाहणी करतो, तेथे रीतसर परवाना घेऊन औषधासाठी गांजाची लागवड होते, आणि तीही उघड्यावर, समुद्रावरून सतत वारा येणाऱ्या आणि शरद ऋतूत आठ-आठ दिवस ऊन न दिसणाऱ्या हवामानात. या पिकाची मादी झाडे रात्र मोठी होऊ लागल्यावरच फुलोऱ्यावर येतात. बहुतेक वाणांना त्यासाठी 10 तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठी रात्र लागते आणि पुढे फुलोरा पक्व होण्यास 8 ते 10 आठवडे जातात. त्यामुळे विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात पीक तयार होण्याचे दिवस आणि पावसाची झड, दाट दव व वारा यांचे दिवस नेमके एकत्र येतात. वयानुसार फुलणारे, दिवसाच्या लांबीची वाट न पाहणारे वाणही आहेत, परंतु आमच्या परवान्यात नोंदलेले दोन्ही वाण त्यांपैकी नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील ती सकाळ होती. पाच दिवस भुरभुर चालू होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून ताशी 90 किलोमीटरपर्यंतचे झोत व त्यापाठोपाठ दीड दिवस मुसळधार पाऊस, असा हवामानाचा अंदाज आला होता. शेतप्रमुखांचे म्हणणे थांबावे असे होते. भिंगातून पाहिले तर फुलोऱ्यावरच्या राळग्रंथी, म्हणजे औषधी राळ साठवणारे बारीक दाणे, अजून बऱ्याच प्रमाणात काचेसारख्या पारदर्शक होत्या. त्या दुधाळ होण्यास, म्हणजे माल पक्व होण्यास, आणखी आठ दिवस तरी हवे होते, आणि औषधासाठी माल द्यायचा तर घटकद्रव्यांचे प्रमाण प्रत्येक खेपेत सारखे असावे लागते. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पाऊस काय, दरवर्षीच पडतो, असेही ते म्हणाले, आणि तेही खरेच होते.

मी नेहमीप्रमाणे पश्चिमेच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकूण 12 ओळी, प्रत्येकीत 40 झाडे. पहिल्या पाच ओळींत रुंद पानांचा, मुठीएवढ्या घट्ट फुलोऱ्याचा वाण, आणि उरलेल्या सातांत अरुंद पानांचा, मोकळ्या फुलोऱ्याचा. पहिल्या ओळीतील सातव्या झाडाचा शेंडा लांबून पाहता उत्तम दिसत होता: हिरवागार, केसर नुकतेच तांबूस होऊ लागलेले. फक्त मध्यावर फुलोऱ्यातून डोकावणारे एक लहानसे पान पिवळे पडून वाळले होते. आजूबाजूची सगळी पाने ओली आणि टवटवीत असताना एकच पान वाळावे, याला कारण असतेच. मी ते दोन बोटांनी धरून हलकेच ओढले आणि ते लोण्यातून सुरी निघावी तसे देठासकट बाहेर आले. निरोगी पान असे येत नाही, ते तुटते. मग मी फुलोरा दोन्ही अंगठ्यांनी उकलला. आतला दांडा तपकिरी आणि मऊ झाला होता, आणि त्याच्याभोवती राखाडी लव उभी होती. माझा श्वास लागताच त्यातून धुराची बारीक रेघ निघावी तशी भुकटी उडाली.

ही बोट्रायटिस सिनेरिया, द्राक्षबागायतदारांना चांगलीच ओळखीची करडी बुरशी. भिंगाखाली तिचे बीजाणू द्राक्षाच्या घडासारखे लगडलेले दिसतात आणि नावाचा उगमही तोच आहे. सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमान आणि काही तास टिकून राहणारा ओलावा मिळाला की ती जोमाने वाढते, आणि गारठ्यात थांबत नाही, मंदावते एवढेच. गांजाच्या घट्ट फुलोऱ्यात तिला सगळेच आयते मिळते. पाऊस थांबून अर्धा तास झाल्यावर मी शेजारचा एक निरोगी शेंडा अंगठ्याने दाबला, तेव्हा बोटांच्या बेचक्यातून गार पाणी वर आले. बाहेरून तो केव्हाच कोरडा झाला होता. म्हणून या पिकात कूज आतून बाहेर येते, आणि बाहेरून दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो. औषधफवारणीचा मार्ग या टप्प्यावर बंदच असतो, कारण जो फुलोरा रुग्णाच्या श्वासातून जाणार, त्यावर बुरशीनाशक मारता येत नाही.

दुपारपर्यंत मी आणि दोन मदतनीसांनी सगळी 480 झाडे पाहिली. पहिल्या ओळीत 14 झाडांवर कूज सापडली, दुसरीत 9, तिसरीत 4, चौथी-पाचवीत एकेक. मोकळ्या फुलोऱ्याच्या सात ओळींत मिळून फक्त दोन, आणि त्या दोन्ही ठिकाणी अळीने पोखरल्याच्या खुणा व विष्ठेचे बारीक काळे दाणे होते, म्हणजे जखम अळीने केली आणि बुरशी मागून आली. वाणांतला फरक अपेक्षितच होता. रुंद पानांचा, घट्ट फुलोऱ्याचा प्रकार अफगाणिस्तान आणि हिंदुकुशच्या कोरड्या डोंगराळ मुलुखातला. पावसात फुलण्याची वेळ त्याच्यावर तिथे कधी आलीच नसावी. परंतु एकाच वाणाच्या पाच ओळींत 14, 9, 4, 1, 1 हा उतरता क्रम वाणाने समजावून सांगता येत नव्हता.

तो मीच घडवून आणला होता. ऑगस्टमध्ये वाऱ्याने दोन झाडे मुळासकट कलल्यावर पश्चिमेच्या बाजूने दोन मीटर उंचीचा जाड प्लॅस्टिकचा सलग पडदा लावण्याची शिफारस माझी होती. वारा अडवायचा तर निम्म्याच्या आसपास पोकळ असलेली जाळी किंवा कुंपणवजा झाडोरा लावावा, म्हणजे वारा त्यातून गाळून, मंद होऊन पुढे जातो आणि उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आसरा मिळतो, हे मी इतरांना अनेकदा सांगितले आहे. सलग भिंतीवरून वारा उसळी घेतो आणि मागे भोवरे करत उतरतो, तर भिंतीच्या अगदी पायथ्याशी हवा कोंडते. त्या दिवसांत जाळी हाताशी नव्हती, पडदा होता, आणि महिनाभराचा तर प्रश्न आहे असे मी स्वतःला समजावले. पहिली ओळ पडद्यापासून जेमतेम दीड मीटरवर होती. पावसानंतर बाकीच्या शेतातला ओलावा वारा उडवून नेत असताना या ओळी ओल्याच राहत होत्या. वाऱ्याला आपण शत्रू समजतो, कारण मोडलेली फांदी डोळ्यांना दिसते. फुलोरा सुकवण्याचे त्याचे काम दिसत नाही. तोच वारा कोरड्या वेळी बीजाणूही पसरवतो, हेही आहेच, पण त्यांना रुजायला ओलावा लागतो आणि तो मी पुरवला होता. शेतप्रमुखांना आकडे दाखवताना ही गोष्ट मी आधी सांगितली. ते काही बोलले नाहीत. पडद्याकडे एकदा पाहिले आणि किती झाडे आज कापावी लागतील, एवढेच विचारले.

माझ्या मते पाचही ओळी कापायला हव्या होत्या. अडचण सुकवणीच्या खोलीची होती. ताज्या फुलोऱ्याचे तीन चतुर्थांशाहून अधिक वजन पाण्याचे असते, त्यामुळे 300 किलो ओला माल आत टांगणे म्हणजे सव्वादोनशे लिटरहून अधिक पाणी त्या खोलीच्या हवेत सोडणे, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन दिवसांतच. आमची आर्द्रता कमी करणारी यंत्रे दिवसाला 90 लिटर ओढत. तापमान 18 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत ठेवून दहा दिवसांत माल सावकाश सुकवायचा, तर तीन ओळी ही मर्यादा होती. तिच्या पलीकडे गेलो असतो तर शेतातली कूज घरात आणून टांगल्यासारखे झाले असते. म्हणून पहिल्या तीन ओळी कापायच्या, चौथी-पाचवी नाइलाजाने ठेवायची, आणि मोकळ्या वाणाला आठ दिवस द्यायचे, असे ठरले. हा निर्णय कोणालाच पुरता पटला नव्हता.

काढणीपेक्षा सडका भाग वेगळा करण्यात अधिक वेळ गेला. आधी कुजलेल्या शेंड्यावर पिशवी चढवायची, तोंड आवळायचे, आणि मगच दिसणाऱ्या कुजीच्या चांगले खाली, निरोगी दांड्यात कात्री लावायची, कारण उघड्यावर कापले तर हाताच्या एका हिसक्याने बीजाणू शेजारच्या चार झाडांवर जातात. प्रत्येक कापणीनंतर कात्री 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. सडक्या मालाच्या प्रत्येक पिशवीचे वजन नोंदवहीत चढवावे लागते, कारण परवान्याच्या शेतावर नष्ट केलेल्या मालाचाही हिशेब द्यावा लागतो. कूज झालेला भाग आणि मोजताना निरोगी निघालेला भाग यांची सरमिसळ करून चालत नाही. कापलेल्या झाडांची मोठी पाने शेतातच खुडली, म्हणजे तेवढे पाणी कमी आत जाईल. फांद्या टांगण्यापूर्वी एकेक झटकली. पंखे जमिनीलगत ठेवले, फुलोऱ्यावर थेट झोत जाऊ नये म्हणून. रात्री साडेदहाला शेवटची फांदी तारेवर चढली, तेव्हा आत आर्द्रता 74 टक्के होती आणि मी ती 60 वर येईपर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत, तिथेच बसून राहिलो.

वादळ अंदाजापेक्षा तीन तास लवकर आले. दीड दिवसाने शेतात उतरलो, तेव्हा मोकळ्या वाणाच्या वीसएक फांद्या बेचक्यात चिरल्या होत्या; आधाराची आडवी जाळी होती म्हणून झाडे लोळली नव्हती. त्या 280 झाडांत पुढच्या आठवड्यात कुजीची सहा झाडे निघाली. चौथ्या-पाचव्या ओळीतल्या 80 झाडांत मात्र 17 निघाली. आत टांगलेल्या मालातून तिसऱ्या दिवशी चार शेंडे काढून टाकावे लागले, बाकीचा सुकून त्याचा जलक्रियांक, म्हणजे बुरशीला वापरता येईल असे पाणी किती उरले ते सांगणारा आकडा, 0.65 च्या खाली आला आणि सूक्ष्मजीव तपासणीत उत्तीर्ण झाला. घटकद्रव्याचे प्रमाण मोकळ्या वाणाच्या तुलनेत कमी भरले आणि ती खेप शेतप्रमुखांनी वेगळी नोंदवली.

पडदा दोन खांबांवरून फाटून बांधावर पडला होता. मदतनिसाने तो पुन्हा ताणून बांधायचा का, असे विचारले. मी नको म्हणालो, आणि आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या दोऱ्या सोडल्या.