आमची वाटचाल : दुरुस्तीकडून देखभालीकडे

पुण्यातील हडपसरच्या एका लहानशा गाळ्यात आम्ही वॉशिंग मशिन दुरुस्तीचे काम सुरू केले, त्या वेळी आमच्याकडे येणारी बहुतेक वॉशिंग मशिन दोन टबांची, अर्धस्वयंचलित असत. त्यांची दुखणी ठरलेली होती. धुण्याच्या बाजूचा पट्टा सैल होई, टायमर अडके, कपॅसिटर निकामी झाला की मोटर नुसती गुणगुणत राही. सुटा भाग बदलला की काम संपत असे आणि त्या घराशी पुन्हा संबंध येई तो पुढच्या बिघाडालाच.

पुढे शहर पूर्वेकडे पसरले. महापालिकेचे पाणी पोहोचण्याआधीच उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली खरी, पण तेथील अनेक घरांचा आधार बोअर आणि टँकर हाच राहिला. त्याच काळात समोरून दार असलेली पूर्ण स्वयंचलित मशिन घरोघर आली, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे रूपच पालटले. दुर्गंधी, कपड्यांवरचे पांढरे डाग, जळालेले हीटर, पिळताना होणारा घरघराट, अशा वरवर वेगळ्या भासणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी आणि साबण हीच जोडी आढळू लागली.

आमच्या भागातील बोअरचे पाणी बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून येते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात; यालाच पाण्याचा कठीणपणा म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंतची मुभा आहे. असे कठीण पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे न विरघळणारे कार्बोनेट होऊन ते हीटरवर थराने बसते, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि हीटर स्वतःच अतितापून जळतो. शिवाय कठीण पाण्यात साबणाचा काही भाग क्षारांशीच झुंजण्यात खर्ची पडतो. कपडे निघत नाहीत म्हणून गृहिणी आणखी पावडर घालतात, आणि न धुतली गेलेली ती पावडर, कपड्यांचा भुसा व क्षार यांचा चिकट लेप ड्रमच्या मागच्या बाजूस साचतो. ड्रमला धरून ठेवणारा स्पायडर बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. या लेपाखाली तो हळूहळू खाल्ला जातो. सील गळून बेअरिंगमध्ये पाणी शिरले, की घरघराट सुरू झालाच म्हणून समजावे. अलीकडच्या काही मशिनचा टब कायमचा जोडून बंद केलेला असल्यामुळे एवढ्याशा बेअरिंगसाठी पूर्ण टब बदलावा लागतो. ही रचना ग्राहकाच्या हिताची आहे, असे आम्हांला कधीही वाटलेले नाही.

म्हणून आम्ही वार्षिक देखभालीचा करार सुरू केला. चालू मशिनसाठी पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न आरंभी प्रत्येक दारी ऐकावा लागला, आणि तो गैर होता असे म्हणता येणार नाही. आमचा कारागीर प्रथम पाण्याचा कठीणपणा तपासतो आणि त्यानुसार कमी फेसाच्या पावडरीचे माप ठरवून देतो. त्यानंतर पाणी आत येण्याच्या नळीची जाळी, नाणी व केसांच्या पिना अडकणारा निचऱ्याचा फिल्टर आणि दाराच्या रबराची घडी साफ केली जाते. शेवटी रिकाम्या ड्रममध्ये लिंबूसत्त्व घालून मशिन गरम पाण्यावर चालवले जाते. लिंबूसत्त्वासोबत ब्लीच कधीही घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ही सूचना आम्ही प्रत्येक पावतीवर छापतो. धुणे झाल्यावर दार उघडे ठेवावे, हे मात्र छापूनही फारसे कोणी पाळत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या फेरीत मशिनचा तळ आवर्जून पाहिला जातो, कारण उघड्या तळातून उंदीर शिरून वायरी कुरतडतात.

आज आमच्या उत्पन्नाचा मोठा वाटा या करारांतून येतो. काही सोसायट्यांनी सामाईक वॉटर सॉफ्टनर बसवले आहेत, परंतु त्यातील, पाण्यातले क्षार पकडून ठेवणारे रेझिन मिठाच्या पाण्याने वेळेवर ताजे केले नाही, तर नळाला पूर्वीसारखेच कठीण पाणी येते आणि रहिवाशांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे सॉफ्टनर असलेल्या इमारतीतही आमचा कारागीर आधी नळाचे पाणी तपासतो आणि मगच कराराचा दर सांगतो.