आमच्या काँग्रेसमनना मताचा जाब विचारताना

12 एप्रिल 2024 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एका दुरुस्तीवर 212 विरुद्ध 212 अशी मतं पडली. तिथे समसमान मतं पडली की दुरुस्ती फेटाळली जाते, अध्यक्षांचं निर्णायक मत वगैरे भानगड नाही. म्हणजे विरोध करणाऱ्या 212 जणांपैकी कुणाही एकाने बाजू बदलली असती तर ती मंजूर झाली असती. त्या 212 जणांत आमचे काँग्रेसमन, म्हणजे तिथले आमच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी, होते. त्यांचं नाव मी देणार नाही. नाव आलं की वाचणारा आधी पक्ष बघतो आणि मग आपलं मत ठरवतो, असा माझा अनुभव आहे. या मतदानात तर दोन्ही पक्ष आतून फुटले होते, त्यामुळे पक्ष बघून काहीच कळत नाही.

दुरुस्ती होती वॉरंटची. 2008 साली 'फिसा' या हेरगिरीविषयक कायद्यात कलम 702 घातलं गेलं. परदेशात असलेल्या परदेशी माणसांचे ईमेल, फोन, मेसेज अमेरिकी कंपन्यांकडून वॉरंटशिवाय मिळवायची मुभा त्याने सरकारला दिली. अमेरिकेतल्या माणसावर त्याखाली थेट पाळत ठेवता येत नाही. पण बोलायला दोन माणसं लागतात. पलीकडचा माणूस पाळतीवर असेल तर अलीकडच्याचं बोलणंही त्या साठ्यात जाऊन पडतं, आणि मग एफबीआय त्या साठ्यात अमेरिकी माणसाचं नाव किंवा ईमेल टाकून शोध घेऊ शकते. त्यासाठी आधी न्यायाधीशाकडून वॉरंट घ्या, एवढंच त्या दुरुस्तीचं म्हणणं होतं. जिवावर बेतणारा तातडीचा प्रसंग, संबंधित माणसाची संमती आणि काही सायबर हल्ले यांना त्यात सूटही होती.

माझी आई सांगलीत असते. आमचं रोजचं बोलणं म्हणजे तिची गुडघेदुखी आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची भांडणं. त्यासाठी कुणी तिच्यावर पाळत ठेवेल असं मला वाटत नाही. पण ज्यांची अर्धी माणसं परदेशात आहेत अशा घरांचं बोलणं या जाळ्यात सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, हे उघड आहे. शिवाय 2023 मध्ये 'फिसा' न्यायालयाचा एक आदेश खुला झाला. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीतल्या एका उमेदवाराला देणग्या देणाऱ्या 19,000 हून अधिक लोकांची नावं एफबीआयने या साठ्यात शोधली होती, असं त्यात होतं. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांत पकडलेल्या 133 जणांची नावंही तशीच टाकून पाहिली होती. आमचे काका आणीबाणीत मिसाखाली येरवड्याला होते. त्यांचं घरी आलेलं प्रत्येक पत्र आधी कुणीतरी वाचलेलं असायचं. त्यामुळे आमच्या घरात 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला' हे वाक्य कधी कुणी उच्चारत नाही.

मतदानाची नोंद शोधणं त्यामानाने सोपं गेलं. प्रतिनिधीगृहाच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत मतदान नावानिशी असतं. हा सूर्य, हा जयद्रथ. मात्र बघायचं कुठे ते माहीत हवं. त्या एकाच दिवशी वॉरंटच्या दुरुस्तीवर वेगळं मतदान झालं आणि कलम 702 ची मुदत वाढवणाऱ्या अख्ख्या विधेयकावर वेगळं. विधेयक 273 विरुद्ध 147 मतांनी मंजूर झालं. त्याच्या दोनच दिवस आधी ते चर्चेला घ्यायचं की नाही यावरचं मतदान 193 विरुद्ध 228 असं पडलं होतं, त्यालाही काही जण 'हेरगिरीविरुद्ध मत' म्हणून मिरवतात. त्यात आवाजी मतदान झालं असेल तर नावं सापडतच नाहीत. नागरी स्वातंत्र्याच्या संस्था प्रतिनिधींच्या मतांच्या गुणपत्रिका काढतात, त्या कामाला येतात, पण कोणती मतं निवडायची हे त्या संस्थेने ठरवलेलं असतं. मी गुणपत्रिकेवरून सुरुवात केली, पण प्रत्येक मत मूळ नोंदीत जाऊन पाहिलं.

आणि बरं झालं पाहिलं. कारण 17 एप्रिलला, म्हणजे पाचच दिवसांनी, आणखी एक विधेयक आलं. लोकांच्या फोनची ठिकाणं आणि इतर माहिती दलालांकडून पैसे मोजून विकत घ्यायची, म्हणजे वॉरंटची कटकट नको, ही सरकारी खात्यांची पळवाट बंद करणारं ते विधेयक. प्रतिनिधीगृहात ते 219 विरुद्ध 199 मतांनी मंजूर झालं, पुढे सिनेटमध्ये मात्र अडकलं. त्याच्या बाजूने आमच्या काँग्रेसमननी मत दिलं होतं! मला आधी वाटलं होतं की गृहस्थ सरसकट हेरगिरीवाले आहेत. तसं नव्हतं. उलट माझं काम सोपं झालं. 'तुम्हाला नागरी स्वातंत्र्याची पर्वा नाही' असं म्हटलं की समोरचा मुठी आवळतो. 'बाजारातून विकत घ्यायच्या माहितीला वॉरंट लागावं असं तुम्हाला वाटतं, मग तुमच्याच साठ्यातल्या माझ्या पत्राला का लागू नये?' हा प्रश्न मात्र त्यांच्याच दोन मतांतून निघत होता.

भारतातल्या वाचकांना हे थोडं परकं वाटेल. 1985 पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते, आणि लोकसभेत बरीचशी विधेयकं आवाजी मतदानानेच मंजूर होतात. त्यामुळे आपल्या खासदाराने अमुक दुरुस्तीवर काय केलं हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. इथे पक्ष दबाव टाकतो, समित्या काढून घेतो, पण पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खुर्ची जात नाही. म्हणून जाब विचारायला अर्थ आहे.

आधी स्थानिक कार्यालयात फोन केला. ते पहिल्यांदा पिन कोड विचारतात. तुम्ही मतदारसंघात राहता की नाही एवढंच त्यांना बघायचं असतं. नागरिकत्व कुणी विचारलं नाही, आणि प्रतिनिधी मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनी बिचकू नये. फोनवरच्या मुलीने नम्रपणे 'कळवते' म्हटलं. पत्र वॉशिंग्टनला न पाठवता स्थानिक पत्त्यावर द्या, असंही तिनेच सुचवलं. 2001 मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पाकिटं आली तेव्हापासून तिकडची सगळी टपाल आधी दुसरीकडे तपासली जाते आणि पोचायला फार वेळ लागतो.

उत्तर आलं, छान जाड कागदावर. राष्ट्रीय सुरक्षा महत्त्वाची, नागरिकांचे हक्कही महत्त्वाचे, आपण वेळ काढून लिहिलंत त्याबद्दल आभार. वॉरंटच्या दुरुस्तीचा उल्लेख नाही. वाटाण्याच्या अक्षता अशा सुबकपणे लावलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मंडळातल्या एका मैत्रिणीला ते पत्र दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, कशाला त्या फंदात पडतेस? आपण बाहेरून आलेली माणसं. उगाच नजरेत कशाला यायचं?" तिचा भाचा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. तिला मी सांगितलं की तुझा भाचा सुट्टीला पुण्याला गेला की कायद्याच्या भाषेत तो परदेशातला परदेशी माणूस, त्याला तर ही दुरुस्ती मंजूर होऊनही संरक्षण मिळालं नसतं. ती गप्प झाली. पटलं म्हणून की घाबरली म्हणून, ते मला कळलं नाही. काँग्रेसमननी मतदारांसाठी घेतलेल्या सभेला मात्र ती आली.

सभा वाचनालयाच्या तळघरात होती. दारात कार्यालयातला एक पोरसवदा मुलगा कोरी कार्डं आणि वाचनालयातल्या त्या बुटक्या पेन्सिली वाटत होता. प्रश्न कार्डावर लिहून द्यायचा. मी पहिल्या रांगेत बसले होते, त्यामुळे तो कार्डं कशी लावतोय ते दिसत होतं: पेन्शनचा एक गठ्ठा, औषधांच्या किमतींचा एक, हमरस्त्याच्या पुलाचा सगळ्यांत जाड, आणि उरलेली कार्डं खुर्चीवर. 'नागरी स्वातंत्र्याबद्दल आपलं मत काय' असं लिहिलं असतं तर माझं कार्ड नक्की खुर्चीवर गेलं असतं. मी दोन तारखा, दोन विधेयकं आणि त्यांची दोन मतं लिहिली आणि खाली एका ओळीत प्रश्न. दोन्ही नोंदींच्या छापील प्रती, त्यांच्या नावावर पिवळी रेघ मारून, हातात ठेवल्या. मुलाने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं आणि पुलाच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

प्रश्न वाचला गेला. काँग्रेसमन म्हणाले, "बाँब फुटायला आला असताना न्यायाधीश शोधत बसायचं का?" लोकांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, तातडीच्या प्रसंगाला दुरुस्तीतच सूट होती. मजकूर माझ्याकडे आहे. वाचू का?" तळघरात थोडी कुजबुज झाली. ते म्हणाले, त्या सुटीची भाषा फार अरुंद होती, आणि तेव्हाच्या बायडन प्रशासनाचाही विरोध होता. दुसरं खरंच होतं. पण हेरगिरी ज्यांनी करायची त्यांचाच वॉरंटला विरोध असणार, त्यात नवल ते काय? हे मी तिथे बोलले नाही, कारण माईक तोवर पुलाकडे गेला होता.

मग स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. विशेषणं काढून टाकली. काँग्रेसमननी तातडीबद्दल दिलेलं उत्तर आणि दुरुस्तीतली सूट शेजारी शेजारी ठेवली, आणि 17 एप्रिलचं त्यांचं मत चांगलं होतं हेही लिहिलं. नवऱ्याचं म्हणणं, ते वाक्य काढ, धार बोथट होते. मी ठेवलं. आमच्या शेजारी विरुद्ध पक्षाचे कट्टर मतदार राहतात, त्यांनी त्या वाक्यामुळेच माझ्यासोबत सही केली. संपादकांनी पत्र कापून निम्मं केलं, पण दोन्ही तारखा राहिल्या.

पत्र छापून आलं आणि इतके दिवस 'कळवते' म्हणणाऱ्या कार्यालयातून फोन आला. यावेळी वॉशिंग्टनमधला विधेयकं बघणारा सहायक बोलत होता, तयारीचा माणूस. गुप्तचर समितीने बंद दाराआड दिलेल्या माहितीवर काँग्रेसमननी विश्वास ठेवला, हे त्याने सरळ सांगितलं. पत्रात आलेल्या त्या गुळगुळीत वाक्यांपेक्षा हे मला कितीतरी बरं वाटलं, उत्तर पटलं नाही तरी. ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयाने असे वॉरंटशिवायचे शोध मनमानी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या विरुद्ध असल्याचं म्हटलंय, आणि तो निकाल जानेवारी 2025 मध्ये खुला झालाय, याकडे मी त्याचं लक्ष वेधलं. त्याला ते माहीत होतं. "तो खालच्या न्यायालयाचा निकाल आहे," म्हणाला.

2024 च्या त्या कायद्याने कलम 702 ला दोनच वर्षांची मुदत दिली होती, म्हणजे एप्रिल 2026 पर्यंत. तेव्हा मी एकच गोष्ट विचारली: वॉरंटची तीच दुरुस्ती पुन्हा आली तर काँग्रेसमन काय करणार? तो म्हणाला, मजकूर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मी म्हटलं, जुना मजकूर आहे ना, त्यातला कोणता शब्द अरुंद वाटतो तेवढं सांगा. यावर 'लेखी कळवतो' असं त्याने कबूल केलं. त्याचं नाव, हुद्दा आणि थेट नंबर मी लिहून घेतलाय. शेजारच्यांकडेही तो दिलाय, आणि मैत्रिणीनेही परवा आपणहून मागितला.